दवंडी

पाठीवर ऊन, पुढ्यात कढई.
वायगावची हळद उकळते आहे
आणि तिचा वास, थोडा मातीचा, थोडा दवाखान्याचा,
एसटीच्या थांब्यापर्यंत येतो मला न्यायला.

डोक्याला रुमाल. डावीकडे ब्लाउज सैल,
तिनंच टाके घालून आत घेतलेला.
"बस वं," आत्या म्हणते, "अन् लाकूड सरकव आतमंदी."

एकवीस वर्षं सत्यफुला या गावची कोतवाल.
आजोबा गेले तेव्हा डफडं हिच्याकडे आलं,
बाबा तोवर नागपूरला गिरणीत लागले होते.
तहसीलच्या नोटिसा, वाघाची खबर, पोलिओची तारीख,
रेशनचं पामतेल आलं, संपलं,
हिनं ओरडून सांगितलं नाही असं गावात काही घडलं नाही.
एक गोष्ट सोडून.
ती दीड वर्ष पदराखाली राहिली,
आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी.

मी काय काम करते ते ती शेजारणीला सांगते:
"पोरगी बाटल्यांत गाठी वाढवते."
तेवढं बरोबर आहे.
सदतीस अंशांच्या कपाटात
कधीच मरून गेलेल्या एका परक्या बाईच्या पेशी
अजून दुप्पट होत असतात.
मी त्यांना हळदीचा अर्क पाजते, थेंबाहून कमी,
आणि तिसऱ्या दिवशी मोजते किती मेल्या.

मरतात. हे खरं आहे.
पेशीतही कोतवाल असतो, आत्या,
आम्ही त्याला त्रेपन्न नंबरनं ओळखतो.
नक्कल चुकली की तो काम थांबवतो,
दुरुस्त होईना तर पेशीला सांगतो, आता तू जा.
हळदीनं तो जागा झालेला मी पाहिलाय,
फिल्मवर एक काळी पट्टी, नखाएवढी,
रात्री अडीच वाजता, एकटीनं.

"मंग झालं तं! सलाईनले काहून जाऊ मी?
हे तं घरचीच हाये."

पाच झाल्या, तीन राहिल्या.
कसं सांगू, बाटली म्हणजे बाई नव्हे.
पोट हळदीला बसू न देताच वाटेला लावतं,
रक्तापर्यंत पोचते ती नाममात्र.
मी दुसरंच सांगते:
सलाईनमधलं तेही झाडच होतं गं,
थंड डोंगरावरचं, सावलीत वाढणारं, लाल फळांचं,
त्याच्या सालीत सापडलं.
आणि तुझ्या दारातली सदाफुली, बकरीही जिला तोंड लावत नाही,
तिच्यातून आणखी एक.
आत्या दाराकडे बघत राहते.
"हे? हिले तं मी कधी खरकटं पाणी बी नाही देल्लं."

एक गड्डा बाहेर काढून ती त्यात काडी खुपसते.
काडी आरपार गेली की शिजली.
तिच्या गाठीतही अशीच सुई घातली होती.
मग, माझ्याकडे न बघता:
"तुह्या रक्ताचं का झालं?"

कोतवाली आमच्या घरात वारशानं आली,
पणजोबा, आजोबा, आत्या.
दुसरा एक वारसा आहे, त्याचा हुकूम तहसीलातून निघत नाही.
जनुकातलं एक अक्षर गळालेलं,
राखणदाराची चावडी रिकामी.
ते बाबांमधून माझ्यापर्यंत आलं असेल,
त्यांना कधी ठणकसुद्धा न लागता;
टपाल पोचवणारा कुठं पत्र वाचतो.
किंवा आलं नसेल.
पाकीट चार दिवस पिशवीत आहे, डब्याखाली.
दुसऱ्यांचे असे शंभरेक रिपोर्ट मी वाचलेत, चहा पिता पिता.

"इंग्रजीत आहे," मी म्हणते, जणू अडचण तीच आहे.

आत्या हात पुसते. पिवळे ते पिवळेच.
"नोटीस दडवून ठेवली तं का होते
हे मले इचार."

कढईला उकळी येते, फेस काठाशी,
तिचं तिकडे लक्ष नाही.
पाकिटावर माझ्या नावापाशी तिच्या अंगठ्याचा ठसा उमटतो.

"वाच," म्हणते. "मोठ्यानं."